पाणलोटाच्या कामाला डिस्काउंट रेट किती धरायचा: १२, ६ की शून्य?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी थोडक्यात मांडतो. बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात तुमची संस्था पाणलोटाचं काम घेतेय, वर डोंगरावर सलग समतल चर, खाली माती नाला बांध, गायरानात आणि बांधावर झाडं, आणि त्याचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तुमच्याकडं आलाय. पैसे देणाऱ्या कंपनीच्या सल्लागारानं सांगितलं की १२ टक्के डिस्काउंट रेट (पुढं मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत काढताना दर वर्षामागं लावायचा कपातीचा दर) लावा, आणि तो लावला की प्रकल्प तोट्यात दिसतोय. संस्थेतले एक सहकारी म्हणतात की पाणी, माती, झाडं यांना डिस्काउंट लावणंच चूक, शून्य टक्के धरा. तुम्हाला हवंय ते असं की पर्यावरणाच्या फायद्याला वेगळा कमी दर लावता येतो का, त्याला काही आधार आहे का, आणि झाडं हवेतून शोषून घेतात त्या कार्बनचे पैसे धरायचे तर कसे.

सरळ उत्तर देतो. महागाई वगळून ६ टक्के मुख्य दर धरा आणि शेजारी ९ आणि ३ टक्क्यांनी काढलेला हिशोबही दाखवा. १२ नको आणि शून्य पण नको. पण असे प्रस्ताव तपासता तपासता माझं पक्कं मत झालंय की लोक दरावरून जेवढे भांडतात तेवढं लक्ष एक्सेल शीटमधल्या ओळींकडं देत नाहीत, आणि निकाल बऱ्याचदा तिथं ठरतो. दराचं काम एकच, आजचा रुपया आणि नंतरचा रुपया यांची तुलना करणं. पाणी किती मोलाचं आहे, ते दरवर्षी किती दुर्मिळ होत चाललंय, बांध फुटायची शक्यता किती, उपशानं पुढं काय नुकसान होणार, हे सगळं रुपयांच्या ओळींत यायला पाहिजे, ते दरात कोंबायला गेलं की सगळा हिशोब बिघडतो, कसा ते पुढं दाखवतो.

आधी दर काय करतो ते बघा. तीस वर्षांनी मिळणारा १ लाख रुपयांचा फायदा आज किती किमतीचा? १२ टक्क्यांनी फक्त ३,३०० रुपये. ९ नी साडेसात हजार, ६ नी १७,४०० आणि ३ नी ४१,००० रुपये. पन्नास वर्षांवर गेलात तर १२ टक्क्यांनी त्याच लाखाचे साडेतीनशे रुपये उरतात. म्हणजे १२ टक्के लावणाऱ्यानं पंचवीस-तीस वर्षांनंतरची माती आणि पाणी जवळपास हिशोबातून काढूनच टाकलं, त्याला तसं म्हणायचं नसलं तरी.

आता तुमच्यासारख्याच गावाचं एक उदाहरण धरू, आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. पाणलोटाला आज १ कोटी खर्च. पहिली तीन वर्षं फायदा काही नाही, कारण चर खोदून, बांध घालून, दोन-तीन पावसाळे गेल्यावरच विहिरींची पातळी हलते. चौथ्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत देखभाल वजा जाता दरवर्षी १२ लाखांचा फायदा. याची आजची किंमत १२ टक्क्यांनी निघते ६८ लाख, म्हणजे ३२ लाखांचा तोटा. ९ टक्क्यांनी ९३ लाख, म्हणजे थोडक्यात हुकलं. ६ टक्क्यांनी १ कोटी ३३ लाख, म्हणजे ३३ लाख नफा. याचा आयआरआर, म्हणजे ज्या दरावर नफा-तोटा बरोबर शून्य होतो तो दर, साधारण ८.३ टक्के येतो.

त्याच गावात कोणी म्हणालं की एवढं कशाला, ४० लाखात बोअर मारू, पहिल्याच वर्षापासून दरवर्षी १५ लाखांचा फायदा, पाच वर्षांनी कोरडे पडले तर पडले. याचा निव्वळ फायदा १२ टक्क्यांनी १४ लाख आणि ६ टक्क्यांनी २३ लाख. बघा आता, १२ टक्क्यांवर बोअर जिंकतं आणि पाणलोट मोठ्या तोट्यात, ६ टक्क्यांवर पाणलोट पुढं. साडेसहा ते सात टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी दोघांची जागा बदलते. गाव तेच, पाऊस तोच, फक्त एका सेलमधला आकडा बदलला. म्हणून हा आकडा कुठून आला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१२ टक्के आला कुठून? जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांच्याकडं फार वर्षं १० ते १२ टक्क्यांची रीत होती. त्यामागचा विचार असा की गरीब देशात भांडवल कमी, तोच पैसा दुसरीकडं लावला तर एवढा परतावा मिळाला असता, मग तुमच्या प्रकल्पानं तेवढा तरी द्यायला पाहिजे. आपल्याकडच्या सल्लागारांनी तो आकडा उचलला आणि एका अहवालातून दुसऱ्या अहवालात कॉपी होत राहिला. पण ज्यांच्याकडून तो आला त्यांनी स्वतःच तो सोडलाय. जागतिक बँकेनं २०१६ मध्ये आपल्या लोकांना ६ टक्के धरायची सूचना केली. आशियाई विकास बँकेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १२ चा ९ केला आणि सामाजिक क्षेत्र, गरिबांसाठीचे काही प्रकल्प आणि ज्यांचा मुख्य फायदा पर्यावरणाचा आहे असे प्रकल्प यांच्यासाठी ६ टक्के ठेवला. तुमच्या प्रश्नातल्या ‘काही आधार आहे का’ याला एवढं पुरेसं आहे, हे दोन्ही संदर्भ डीपीआरमध्ये टाका.

आणि घरचा आधार तर याच्याही आधीचा आहे. पाटबंधारे प्रकल्पांसाठी १९६४ मध्ये धनंजयराव गाडगीळांच्या समितीनं फायदा-खर्चाचं गुणोत्तर दीडपट असावं असं सुचवलं, पुढं दुष्काळी भागासाठी ते एकास एकवर आणलं गेलं. १९८३ मध्ये नितीन देसाई समितीनं आयआरआरची कसोटी सांगितली, सर्वसाधारण प्रकल्पाला ९ टक्के आणि दुष्काळी, डोंगरी भागाला ७ टक्के. म्हणजे दुष्काळी मुलखातल्या पाण्याच्या कामाला पुण्या-मुंबईतल्या कारखान्याची मोजपट्टी लावायची नाही हे आपल्याकडं चाळीस वर्षांपूर्वीच मान्य झालंय. वरचं उदाहरण या कसोटीवर ८.३ नी पास होतं. मराठवाड्यातल्या कामाला हे वाक्य मी प्रत्येक वेळी लिहायला लावतो.

आता सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा. एक शीट माझ्यासमोर आली होती, तुमच्यासारख्याच कामाची, त्यात तूर, सोयाबीन, ज्वारी, कडबा, सगळ्यांचे भाव आजचे घेतले होते आणि तेच भाव खाली पंचविसाव्या वर्षापर्यंत ओढत नेले होते. मजुरी पण आजचीच. यात चूक काही नाही, याला स्थिर किमती म्हणतात, उलट बरं असतं. पण खाली डिस्काउंट रेट होता १२ टक्के, आणि शेजारी टीप होती की बँकेचा कर्जाचा व्याजदर धरलाय. बँकेच्या व्याजात महागाई धरलेली असते ना. वर फायद्यातून महागाई काढून टाकली आणि खाली दरात ती तशीच ठेवली, मग प्रकल्प दोन्हीकडून मार खातो. महागाई ५ टक्के धरली तर १२ टक्क्यांचा खरा दर होतो १.१२ भागिले १.०५, म्हणजे साधारण ६.७ टक्के. एवढी एक दुरुस्ती केली की सल्लागाराचे १२ आणि माझे ६ यांच्यातलं भांडण बरंचसं मिटतंच. म्हणून ताई, सगळ्यात आधी त्या सल्लागाराला नम्रपणे एकच प्रश्न विचारा, हे १२ टक्के महागाई धरून की वगळून. बऱ्याच वेळा उत्तर ‘धरून’ असं येतं आणि मग पुढचा वाद घालायची गरजच पडत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या शून्याकडं येतो, त्यांची तळमळ मला समजते आणि त्यांचा मुद्दा हलका नाहीच. अर्थशास्त्रात हा दर दोन गोष्टींपासून बनतो, १९२८ मध्ये फ्रँक रॅम्सेनं मांडलेलं सूत्र आहे. एक म्हणजे निव्वळ अधीरपणा, आजचं सुख उद्याच्या सुखापेक्षा बरं वाटणं. दुसरं म्हणजे पुढचे लोक आपल्यापेक्षा किती श्रीमंत असतील, कारण श्रीमंताला मिळालेल्या जास्तीच्या शंभर रुपयांची किंमत गरिबाच्या शंभर रुपयांपेक्षा कमी. पहिल्या भागापुरतं खुद्द रॅम्सेचं मत तुमच्या सहकाऱ्यांसारखंच होतं, पुढच्या पिढीचं सुख फक्त ते उशिरा येतं म्हणून कमी मोजणं त्याला नैतिकदृष्ट्या पटत नव्हतं. पण अधीरपणा शून्य धरला म्हणजे दर शून्य होत नाही, दुसरा भाग राहतोच. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्नच्या २००६ च्या हवामान बदलावरच्या अहवालात अधीरपणा फक्त ०.१ टक्का धरला होता तरी दर १.४ आला, कारण उत्पन्नवाढ १.३ धरली होती. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं, ते बाजारातल्या परताव्याकडं बघून ४-५ टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि या एवढ्याशा फरकावरून स्टर्ननं म्हटलं आत्ताच मोठा खर्च करा आणि नॉर्डहाउसनं म्हटलं हळूहळू वाढवत न्या. दोघंही हवामान बदल मानणारे, विज्ञानावर दोघांचं भांडण नव्हतं.

आपल्याकडं हे सूत्र लावून बघा. अधीरपणा १ टक्का, दरडोई उत्पन्नाची वाढ ४ टक्के आणि श्रीमंतीमुळं रुपयाची किंमत किती घसरते त्याचा गुणक सव्वा, तर १ अधिक ५ म्हणजे ६ टक्के. म्हणजे ६ हा काही हवेतून आणलेला आकडा नाही. पण ही ४ टक्के वाढ देशाची. तुमच्या गावातल्या कोरडवाहू कुटुंबाची तेवढी वाढ होतेय का? दिवाळीच्या आसपास गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जात असतील, तर त्या घरांची वाढ २ टक्के धरणं पण धाडसाचं. २ धरली तर दर येतो साडेतीन. म्हणून मी शेजारी ३ टक्क्यांचा हिशोब मागतो, तो पर्यावरणाला दिलेली सूट म्हणून नाही, तर या गावातले लोक पुढं आपोआप श्रीमंत होतील हे गृहीत धरायला आधार नाही म्हणून.

आणि शून्य का नको? कारण शून्यावर शंभर वर्षं चालणारा कुठलाही छोटासा फायदा आजच्या मोठ्या खर्चापेक्षा भारी ठरतो, आणि तो आजचा खर्च कोणाच्या तरी ताटातून जातो. गायरानात चराईबंदी केली की शेळ्या असलेल्या बाईचं नुकसान या वर्षी होतं, आणि झाडांचा फायदा दहा वर्षांनी, तोही बहुतेक वेळा जमीन असलेल्या माणसाला. शून्य दर धरला तर त्या बाईचं आजचं नुकसान आणि त्या जमीनवाल्याचा पस्तीस वर्षांनंतरचा फायदा एकाच मापानं मोजल्यासारखं होतं. मला ते मान्य नाही.

मग पाण्याचं, मातीचं वेगळेपण कुठं दाखवायचं? किमतीच्या ओळीत. हा भाग नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. मोबाइल, कपडे, सिमेंट हे उत्पन्न वाढेल तसं जास्त बनवता येतं, पण गावाच्या शिवारात पडणारा पाऊस आणि जमिनीत मुरणारं पाणी वाढवून वाढवून किती वाढवणार. मागणी वाढते, साठा तोच राहतो किंवा घटतो, म्हणजे पाण्याची किंमत बाकीच्या वस्तूंच्या तुलनेत वर्षागणिक चढते. शीटमध्ये मात्र लोक पहिल्या वर्षीच्या टँकरच्या दरानं पाणी मोजतात आणि तिसाव्या वर्षापर्यंत तोच दर ठेवतात. पाण्याचं मोल महागाई सोडून वर्षाला २ टक्क्यांनी वाढतं असं धरलं तर ६ टक्क्यांचा दर त्या ओळीपुरता ३.९ टक्क्यांसारखा वागतो. वरच्या उदाहरणात १२ पैकी ६ लाख पाणी आणि चाऱ्याचे धरले आणि फक्त तेवढेच २ टक्क्यांनी वाढवले, तर ६ टक्क्यांवरची किंमत १ कोटी ३३ लाखांवरून साधारण १ कोटी ५५ लाखांवर जाते. पर्यावरणाला वेगळा कमी दर लावा असं जे म्हणतात त्यांना बहुतेक हेच हवं असतं, पण किमतीतून केलं की कशाची किंमत किती वाढते आणि का हे उघडपणे लिहावं लागतं आणि तपासणाऱ्याला ते तपासता येतं. फक्त दोन्ही करू नका, दर पण कमी आणि किंमत पण वाढती, त्यात तोच फायदा दोनदा मोजला जातो. तुरीचा भाव मात्र वाढवत नेऊ नका, तूर बाजारात बाहेरूनही येते, तिला हा तर्क लागू होत नाही.

जोखमीचं पण असंच. पाणलोटाची कामं बेभरवशाची, पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो, चर गाळानं भरतात, म्हणून दर २-३ टक्के वाढवा असं सल्लागार सांगतात. बांध फुटतात हे खरं आहे, माती नाला बांधाचा सांडवा नीट काढला नाही तर तो पहिल्याच वर्षी जातो, आणि देखभाल कोणी घेतली नाही तर आठ-दहा वर्षांत चर डोंगराला मिळून जातात. पण याची जागा फायद्याच्या ओळीत आहे. दहाव्या वर्षापासून फायदा कमी धरा, गाळ काढायचा खर्च दर पाच वर्षांनी टाका, दहातले दोन बांध गेले असं धरा. दर वाढवला की दूरचे फायदे जसे आकसतात तसे दूरचे तोटे पण आकसतात, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोअरचं उदाहरण पुन्हा घ्या. पाच वर्षांनी बोअर आटले, शेजारच्या विहिरी पण गेल्या, आणि सहाव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत गावाला दरवर्षी ४ लाखांचे टँकर लागले असं धरा. हे नुकसान ६ टक्क्यांनी २२ लाखांचं, १२ टक्क्यांनी फक्त १३ लाखांचं. म्हणजे जोखीम म्हणून दर वाढवला आणि सगळ्यात जोखमीचा पर्यायच स्वस्त दिसायला लागला. आणि हेही बघा, ही टँकरची एक ओळ टाकली की बोअरचा निव्वळ फायदा ६ ते १२ मधला कुठलाही दर लावा, लाखा-दोन लाखांवर येतो, आणि ३ टक्क्यांवर तर थोडा तोटाच दिसतो. आधीच्या हिशोबात बोअर एवढं फायद्याचं दिसत होतं ते बरंचसं ही ओळ गाळल्यामुळं.

जोखमीची दुसरी बाजू मराठवाड्यात फार महत्त्वाची आहे. सोयाबीनचं उत्पादन चांगल्या वर्षी वाढतं आणि वाईट वर्षी पडतं, पण मुरवलेलं पाणी सगळ्यात जास्त कामाला येतं ते वाईट वर्षी. १९७२ चं सोडा, अलीकडचं बघा, २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं तोडून जळणाला घातली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मांजरा धरण कोरडं होतं. अशा वर्षी एका विहिरीला शिल्लक राहिलेल्या पाण्यानं बाग वाचली तर वाचलेली रक्कम त्या वर्षाच्या फळाची नसते, बाग पुन्हा उभी करायला लागणाऱ्या पाच-सहा वर्षांची असते. म्हणजे हा फायदा विम्यासारखा आहे, हातात पैसा सगळ्यात कमी असतो तेव्हा येणारा. अशा फायद्याला जोखमीचा दंड लावायचा नसतो, सिद्धांत तर म्हणतो की त्याला उलट कमी दर लागू होतो. सरासरी पावसाचं एकच वर्ष तीस वेळा चिकटवलेली शीट हे दाखवूच शकत नाही. तुमच्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाची जेवढ्या वर्षांची आकडेवारी मिळेल तेवढी घ्या, चांगली, मध्यम, दुष्काळी अशी वर्षं वेगळी करा, प्रत्येकात पाणलोट असताना आणि नसताना काय झालं असतं ते मांडा. याला वेळ लागतो पण तुमचा प्रस्ताव यानंच भक्कम होईल.

आता शेतकऱ्याचा स्वतःचा दर, जो या सगळ्या चर्चेत कोणी धरत नाही. गावात सावकाराचा भाव शेकडा तीन रुपये महिना असेल तर वर्षाला ३६ टक्के झाले, चक्रवाढ धरली तर त्याहून जास्त. ज्याला त्या भावानं पैसा उचलावा लागतो त्याच्यासाठी पाच वर्षांनी येणारे १ लाख रुपये आज साधारण २१ हजारांचे. तुमच्या ६ टक्क्यांच्या शीटमध्ये तेच लाख जवळपास ७५ हजारांचे दिसतात. मग तो सीताफळ लावायच्या ऐवजी बोअर मारून ऊस लावतो तेव्हा त्याला दूरदृष्टी नाही, पर्यावरणाची कदर नाही असं म्हणणं मला अजिबात पटत नाही, त्याच्या जागी त्याचा हिशोब बरोबर आहे. सावकाराचा दर समाजाच्या फायद्याला लावायचा नाही, पण लोक यात भाग घेतील का, झाडं जगवतील का, हे तपासायला तोच दर लावायचा. म्हणून शीट दोन करा, एक समाजाची ६ टक्क्यांची आणि एक शेतकऱ्याची त्याच्या खऱ्या व्याजाची. पहिलीत नफा आणि दुसरीत तोटा दिसला की त्या दोघांमधली दरी म्हणजे तुम्हाला द्यावं लागणारं अनुदान. आपल्याकडं १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा नेमकं हेच केलं, खड्डे, लागवड आणि सुरुवातीच्या वर्षांची निगा यांची मजुरी सरकारनं दिली, म्हणजे थांबण्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावरून काढून घेतला, आणि बागा उभ्या राहिल्या. तुमच्या प्रस्तावात झाडांना पहिले तीन उन्हाळे पाणी घालायची मजुरी धरली नसेल तर दर कितीही धरा, झाडं राहणार नाहीत.

जालन्याजवळच्या कडवंचीचं उदाहरण तुम्ही देणार असालच, सगळेच देतात, आणि द्यावं असंच ते काम आहे. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथं माथा ते पायथा काम झालं आणि आज ते गाव द्राक्षं आणि शेततळ्यांसाठी ओळखलं जातं. पण तो फायदा मोजताना द्राक्षाच्या मांडवाचे, ठिबकचे, शेततळ्याच्या कागदाचे पैसे शेतकऱ्यांनी नंतर स्वतः घातले, ते खर्चात धरा. नाहीतर सगळं उत्पन्न पाणलोटाच्या नावावर जमा होतं आणि तपासणारा माणूस तिथंच तुम्हाला अडवतो. तसंच वर अडवलेलं पाणी खालच्या गावाच्या नाल्याला कमी जातं का ते पण बघा. जात असेल तर ते खालच्यांचं नुकसान आहे आणि तुमच्या शीटमध्ये त्याची ओळ पाहिजे.

तीस वर्षांच्या पलीकडचे फायदे असतील तर दर हळूहळू उतरवायला चांगला आधार आहे. मार्टिन वाइट्झमन या अर्थशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये दाखवलं की पुढं दर किती राहील याचीच खात्री नसेल तर दूरच्या काळासाठी शक्य त्या दरांपैकी सगळ्यात कमी दराकडं सरकावं लागतं, कारण जास्त दरानं मोजलेले रुपये लांबवर जवळपास नाहीसे होतात आणि सरासरीत वजन उरतं ते कमी दराचं. ब्रिटनच्या सरकारनं २००३ पासून तसं केलंय, पहिल्या ३० वर्षांना ३.५ टक्के, ७५ पर्यंत ३, मग २.५ असं उतरत जातं. तुमच्या कामात याची गरज फक्त मातीसाठी पडेल. डोंगरउतारावरची वीतभर माती एकदा वाहून गेली तर ती परत बनायला शेकडो वर्षं जातात, आणि अशा गोष्टीसाठी मी फक्त आजच्या किमतीवर विसंबत नाही. सरळ अट लिहा, उतारावरची धूप अमुक मर्यादेत आणायचीच, आणि मग ती सगळ्यात कमी खर्चात कशी येईल ते बघा. जे परत मिळणार नाही त्याच्यासाठी मर्यादा आधी आणि हिशोब नंतर.

कार्बनचं थोडक्यात. कार्बनच्या तयार किमतीच्या पोटात आधीच एक डिस्काउंट रेट बसलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२३ मध्ये एक टन कार्बन डायऑक्साइडमुळं होणारं नुकसान काढलं ते २.५ टक्क्यांनी १२० डॉलर, २ टक्क्यांनी १९० डॉलर आणि १.५ टक्क्यांनी ३४०. टन तोच, दर बदलला तर जवळपास तिप्पट. म्हणून कुठूनतरी १९० उचलायचे आणि बाकी शीटला १२ टक्के लावायचे असं करू नका, तपासणारा जाणकार असला तर पहिला प्रश्न तोच विचारेल. दुसरं म्हणजे हा जगाचा फायदा आहे, गावाच्या हातात येणारा पैसा नाही. गावाच्या हिशोबात कार्बन क्रेडिटचे (शोषलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे) खरोखर मिळणारे पैसे धरा, तेही करार झाला असेल तरच, आणि जगाच्या फायद्याची ओळ वेगळी, खाली, बेरजेच्या बाहेर ठेवा. तुमच्या आकाराच्या कामात कार्बन काढून टाकला तरी निकाल बदलू नये, बदलत असेल तर पाणी आणि चाऱ्याच्या ओळींत काहीतरी राहून गेलंय असं समजा आणि परत बघा.

कंपनीनं १२ चाच आग्रह धरला तर वाद घालत बसू नका, १२ चा पण रकाना टाका, पण त्याच्या शेजारी ९, ६ आणि ३ चे टाका, वर आयआरआर लिहा, आणि खाली एक वाक्य की सर्व किमती स्थिर आहेत आणि १२ टक्के दरात ५ टक्के महागाई धरलेली असल्यास तो ६.७ टक्क्यांच्या बरोबरीचा आहे. शीट तयार झाली की दर बदलायच्या आधी पाण्याच्या ओळी एकदा गावातल्या दोन-तीन जाणत्या बायांसमोर वाचून बघा, हंडा कुठून आणि कोणत्या महिन्यापासून आणावा लागतो हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही, आणि टँकरचे महिने त्यावरूनच धरा.